होडीवरच्या छोट्या कॉम्प्युटरचं वायफाय: आधी टेबलावर, मग केबिनमध्ये

नवी मुंबईतल्या दिवाळे गावाच्या जेट्टीवर गेलो की दर दुसऱ्या रविवारी कुणीतरी हाक मारतं, आणि तक्रार बहुतेक वेळा एकच असते. "दादा, घरी मस्त चालत होता, होडीवर नाय चालत." घरी चालत होता कारण घरी राऊटर होता. रास्पबेरी पाय, म्हणजे होडीची जागा नकाशावर दाखवायला लावलेला तळहाताएवढा कॉम्प्युटर, त्या राऊटरला जोडलेला, मोबाईल त्याच राऊटरला जोडलेला, दोघांची गाठ तिथे पडत होती. होडी धक्का सोडून निघाली की राऊटर राहिला घरी. पाय आणि मोबाईल एकाच केबिनमध्ये हातभर अंतरावर असतात, पण एकमेकांशी बोलायला रस्ताच नसतो.

म्हणून पहिल्यापासून एवढं पक्कं धरा: होडीवरचं वायफाय पायनं स्वतः तयार करायचं. इंटरनेट मिळालं तर ते वेगळ्या वाटेनं येईल, नाही मिळालं तर काही अडता कामा नये. बरेच जण नेमकं उलटं करतात. आधी मोबाईलचा हॉटस्पॉट चालू करून पाय त्याला जोडतात आणि मग त्या मोबाईलची बॅटरी संपली की नकाशाही जातो.

खालची सगळी कृती रास्पबेरी पाय ४ धरून लिहिली आहे. त्याला यूएसबीची जीपीएस कांडी, आत सिग्नल के सर्व्हर (होडीवरच्या यंत्रांची माहिती गोळा करून मोबाईलपर्यंत पोचवणारा प्रोग्राम), आणि तांडेलाच्या, म्हणजे होडी चालवणाऱ्याच्या, हातात एक साधा अँड्रॉइड मोबाईल किंवा टॅबलेट. सिग्नल के आणि ओपनसीपीएन (समुद्राच्या नकाशाचं ॲप) बसवण्याची कृती इथे देत नाही. ओपनप्लॉटर हा होडीसाठीच्या प्रोग्रामचा संच घेतलात तर दोन्ही त्यातूनच मिळतात. मेनूंची नावं आवृत्तीप्रमाणे थोडी इकडेतिकडे होतील. आणि पत्ते, आकडे इथे मराठीत छापलेत, पण भरताना इंग्रजी अंकच दाबायचे.

सावध: हे सोयीचं साधन आहे, जीव वाचवायचं नाही. व्हीएचएफ रेडिओ, संकटसूचक यंत्र आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर यांची जागा पाय घेत नाही.

## तयारी: काय हवं आणि कधी करायचं

हे काम १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत करा. होडी किनाऱ्याला ओढलेली असते, बॅटरी घरी आणलेली असते आणि चुकायला वेळ असतो. नारळी पौर्णिमेच्या आदल्या रात्री टॉर्च तोंडात धरून केलेली जोडणी पहिल्या आठवड्यातच पुन्हा उघडावी लागते. हे मी स्वतः केलंय, म्हणून सांगतो.

सामान असं जमवा. पाय ४, आणि टेबलावरच्या कामासाठी त्याचा स्वतःचा ५ व्होल्ट ३ अँपिअरचा चार्जर. मोबाईलचा जुना चार्जर नको, अर्धी गूढ दुखणी तिथूनच सुरू होतात. नावाजलेल्या कंपनीची दोन मेमरी कार्डं. एक वापरायला, एक राखीव. पहिल्या दिवसापुरता स्क्रीन, कीबोर्ड आणि माऊस. १२ चे ५ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर, ३ अँपिअरचा फ्यूज होल्डरसकट, आणि प्लास्टिकचा आयपी६५ (धूळ आणि पाण्याचे फवारे अडवणारा) डबा वायर आत घ्यायच्या ग्लँडसह. लॅमिंग्टन रोडला एका फेरीत हे सगळं मिळतं.

स्क्रीन-कीबोर्डचा कंटाळा करू नका. बिनस्क्रीनचं पण जमतं, पण नेटवर्कच बदलायचं काम नेटवर्कवरून करायला गेलात की एका चुकीच्या क्लिकवर स्वतःलाच बाहेर कोंडून घ्याल.

## टप्पा १: कार्ड भरणं

लॅपटॉपवर रास्पबेरी पाय इमेजर उघडून रास्पबेरी पाय ओएसची डेस्कटॉप असलेली आवृत्ती कार्डावर लिहा. लिहिण्याआधी इमेजर सेटिंग विचारतो तिथे थांबा. बहुतेक जण 'नको' म्हणून पुढे जातात आणि पुढचा तास तेच शोधत बसतात.

तिथे चार गोष्टी भरा. यंत्राचं नाव: होडीचं नाव, इंग्रजीत, मधे जागा न सोडता. वापरकर्ता आणि पासवर्ड: तुमचा स्वतःचा. वेळेचा पट्टा: कोलकाता. आणि वायफायचा देश: भारत, म्हणजे 'आयएन'.

देशाचं खातं किरकोळ वाटतं, पण ते रिकामं असेल तर पाय आपला वायफाय रेडिओ कुलूप लावून ठेवतो. कुठल्या देशात कुठले चॅनल चालतात हे कळल्याशिवाय तो प्रसारण करत नाही. मग 'वायफाय खराब आलंय' म्हणून पाय परत करायला निघालेले लोक मी पाहिलेत.

घरचं वायफाय पण इथेच भरा, कारण पुढच्या टप्प्यापर्यंत अपडेट घ्यायला इंटरनेट लागेल. फक्त लक्षात ठेवा की त्याचं आपोआप जोडणं नंतर बंद करायचं आहे.

सावध: जुन्या व्हिडिओंवर विसंबू नका. २०२३ च्या ऑक्टोबरात आलेल्या बुकवर्म आवृत्तीपासून रास्पबेरी पाय ओएसचं नेटवर्क 'नेटवर्क मॅनेजर' सांभाळतो. त्याआधीच्या कृतींमध्ये तीन-चार फायली हातानं लिहायला सांगतात. त्या आता लिहिल्यात तर एक तर काहीच होत नाही, किंवा दोन कारभारी एकाच रेडिओवर भांडतात. नेटवर्कला कारभारी एकच हवा. ओपनप्लॉटरच्या नेटवर्कच्या खिडकीतून हॉटस्पॉट करणार असाल तर सगळं तिथूनच करा. डेस्कटॉपवरून करणार असाल तर तिकडे हात लावू नका.

तपासा: पाय चालू झाला, वरच्या पट्टीत वायफायचं चिन्ह आलं, घरच्या नेटवर्कवरून अपडेट पूर्ण झाले. स्क्रीनच्या कोपऱ्यात पिवळ्या विजेचं चिन्ह एकदाही दिसता कामा नये. दिसलं तर चार्जर किंवा त्याची केबल बदला आणि मगच पुढे जा.

## टप्पा २: पायचा स्वतःचा हॉटस्पॉट

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून सावकाश घ्या.

पट्टीतल्या वायफायच्या चिन्हावर क्लिक करा, 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जाऊन 'क्रिएट वायरलेस हॉटस्पॉट' निवडा. नाव द्या, सुरक्षेत डब्ल्यूपीए२ ठेवा, पासवर्ड किमान आठ अक्षरांचा. 'क्रिएट' दाबा. त्याच क्षणी घरचं वायफाय तुटेल. घाबरू नका, एक रेडिओ एका वेळी एकच काम नीट करतो.

मोबाईलच्या यादीत नाव दिसतं, मोबाईल जोडला जातो आणि लोक खूश होऊन पाय बंद करतात. दुसऱ्या दिवशी चालू केला की हॉटस्पॉट गायब! कारण असं बनवलेलं हॉटस्पॉट आपोआप चालू होत नाही. ते तुम्हाला सांगावं लागतं.

पुन्हा त्याच मेनूतून 'एडिट कनेक्शन्स' उघडा आणि तुमच्या हॉटस्पॉटच्या नावावर दोनदा क्लिक करा. आता एकेक पान क्रमानं.

'जनरल'च्या पानावर आपोआप जोडण्याची खूण करा आणि शेजारच्या प्राधान्याच्या चौकटीत १० लिहा. बाकी सगळ्या जोडण्यांचं प्राधान्य ० असतं, त्यामुळे दहावाला आधी उठतो.

'वाय-फाय'च्या पानावर मोड 'हॉटस्पॉट' आहे ना बघा. बँड आपोआपवर न सोडता २.४ गिगाहर्ट्झ करा आणि चॅनल १, ६ किंवा ११ पैकी एक. हे तीनच का, तर २.४ च्या पट्ट्यात शेजारच्यावर न सांडणारे चॅनल एवढेच. जेट्टीवर पंधरा-वीस होड्या आणि मागे अख्खी वस्ती असते, तेव्हा मोबाईलवर एखादं वायफाय तपासणारं ॲप टाकून कुठला चॅनल मोकळा आहे ते बघून घ्या.

"पाच गिगाहर्ट्झ का नको, ते फास्ट असतं" हा प्रश्न हमखास येतो. होडीवर वेग लागतोय कुणाला? जीपीएससारखी होडीवरची यंत्रं ज्या भाषेत बोलतात तो एनएमईए ०१८३ हा जुना प्रघात ४८०० बॉडवर (बॉड म्हणजे माहिती पाठवायच्या वेगाचं माप) चालतो, म्हणजे सेकंदाला जेमतेम ४८० अक्षरं. आजूबाजूच्या जहाजांची जागा सांगणाऱ्या एआयएसला ३८४०० बॉड. हे सगळं वाहून न्यायला वायफायचा कोपराही लागत नाही. उलट २.४ वाला फळ्यांमधून, फायबरमधून जास्त आत पोचतो आणि स्वस्तातल्या स्वस्त मोबाईललाही दिसतो.

त्याच पानावर 'डिव्हाइस'च्या चौकटीत पायचा आतला रेडिओ निवडा, डब्ल्यूलॅन० नावाचा. त्याच्यापुढे कंसात लांबलचक हार्डवेअर पत्ता दिसेल, तो कागदावर उतरवून ठेवा. दुसरा वायफाय डोंगल (यूएसबीत खोचायची वायफायची कांडी) लावलात तर कधीकधी चालू होताना ० आणि १ ची अदलाबदल होते, तेव्हा नावापेक्षा हा पत्ता भरवशाचा.

शेवटी 'आयपीव्ही४'च्या पानावर पद्धत 'शेअर्ड टु अदर कॉम्प्युटर्स' असली पाहिजे. हे असलं की पाय १०.४२.०.१ हा पत्ता स्वतःकडे घेतो, जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाईलला १०.४२.०. च्या पुढचा एकेक नंबर वाटतो आणि इंटरनेट असलंच तर तेही पुढे देतो. वेगळं काही लिहायची गरज नाही.

सेव्ह करा. आता घरच्या वायफायच्या जोडणीवर या आणि तिची आपोआप जोडण्याची खूण काढा. पुसून टाकू नका; पुढच्या पावसाळ्यात अपडेटला लागेल.

तपासा: पाय नीट बंद करा, वायर काढा, पुन्हा लावा. कीबोर्डला हात लावायचा नाही. दीड मिनिटाच्या आत मोबाईलच्या यादीत होडीचं नाव यायला हवं. हे तीनदा करा, आणि घरचा राऊटर चालू असताना करा, कारण खरी परीक्षा तीच.

नावाबद्दल एक किस्सा. एका मालकाच्या दोन होड्या. पहिलीचं कार्ड झकास चाललं म्हणून त्यानं त्याचीच नक्कल दुसरीत घातली, नाव-पासवर्डसकट. जेट्टीवर दोन्ही होड्या एकमेकींना बांधलेल्या. एका होडीतला मोबाईल गुपचूप दुसरीच्या पायला जोडला गेला आणि तिची जागा दाखवत राहिला. अंतर तीन मीटरचं, नकाशावर कुणाच्या लक्षात येणार? दुसरी होडी भरतीला सुटली तेव्हा पहिलीतला तांडेल ओरडला, "अरे आपण बांधलेलोय आन् ठिपका चाललाय कुठं?" तेव्हापासून मी प्रत्येक होडीला वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड देतो.

## टप्पा ३: मोबाईलवर ठिपका आणणं

जीपीएस कांडी पायला लावा, शक्यतो काळ्या यूएसबी खाचेत. निळ्या खाचा यूएसबी ३ च्या. तिथे एखादी हार्ड डिस्क जोडली तर तिचा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास सांडतो आणि वायफाय मंदावतं. कांडीला हातभर लांबीची यूएसबी वायर देऊन ती खिडकीत ठेवा.

मोबाईल होडीच्या वायफायला जोडा, ब्राऊझर उघडा आणि पत्त्याच्या जागी १०.४२.०.१, मग विसर्गासारखी दोन टिंबं, मग ३००० टाका. सिग्नल केचं पान उघडायला हवं. ब्राऊझर सुरक्षित जोडणीचा हट्ट धरून चूक दाखवत असेल तर पत्त्याच्या सुरुवातीचं 'एचटीटीपीएस' बदलून शेवटच्या 'एस'शिवाय लिहा.

ओपनसीपीएनमध्ये ठिपका हवा असेल तर सेटिंगमधल्या 'कनेक्शन्स'मध्ये नवी जोडणी: नेटवर्क, टीसीपी, पत्ता १०.४२.०.१, पोर्ट १०११०. सिग्नल केच्या सेटिंगमध्ये याच पोर्टवरून एनएमईए ०१८३ देणारा पर्याय चालू आहे ना, हे आधी बघा. पायचं नाव टाकून जोडण्यापेक्षा हा आकड्यांचा पत्ता वापरा. जुन्या अँड्रॉइडला यंत्राचं नाव शोधता येत नाही.

आता दोन सापळे, दोन्ही मोबाईलच्या बाजूचे.

पहिला: अँड्रॉइडला कळतं की या वायफायवर इंटरनेट नाही. तो एक सूचना दाखवतो, जोडलेलं राहू का म्हणून. आपण ती बोटानं उडवून लावतो. मग मोबाईल स्वतःच शहाणपणा करून डेटा मोबाईल नेटवर्ककडे वळवतो. वायफायची खूण तशीच, पण पायपर्यंत काहीच जात नाही. त्या सूचनेवर 'हो' म्हणा आणि 'पुन्हा विचारू नको'ची खूण करा. सूचना हुकली असेल तर ते नेटवर्क विसरायला लावून पुन्हा जोडा, म्हणजे ती परत येते. होडीवरच्या मोबाईलमध्ये 'मोबाईल डेटाकडे आपोआप वळा' अशा अर्थाचा पर्याय असेल तर तो बंदच ठेवा.

दुसरा: ठिपका येतो, पण खाली नकाशा पांढराफटक. ब्राऊझरमधले बहुतेक नकाशे इंटरनेटवरून तुकड्या-तुकड्यानं येतात. वाशी पुलाखाली सगळं दिसतं, घारापुरी मागे टाकून बाहेर निघालात की एकेक चौकोन रिकामा व्हायला लागतो. नकाशे घरीच उतरवून मोबाईलमध्ये साठवा. हा दोष वायफायचा नाही, पण शिव्या वायफायला बसतात.

तपासा: मोबाईल विमान मोडवर टाका, मग फक्त वायफाय चालू करा. ठिपका हलतोय आणि नकाशा दिसतोय? नसेल तर टप्पा ४ कडे बघूही नका.

## टप्पा ४: इंटरनेट, हवंच असेल तर

सर्वांत सोपी वाट अशी: एक अँड्रॉइड मोबाईल यूएसबी वायरनं पायला जोडा आणि त्यात 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. पाय त्याला वायरचं नेटवर्क समजतो, काही भरायला लागत नाही, आणि हॉटस्पॉट आपोआप ते इंटरनेट बाकीच्यांना देतो. फक्त तो मोबाईल पायकडून वीज ओढत राहतो. पाय ४ च्या चारही यूएसबी खाचा मिळून १.२ अँपिअरच देतात, तेव्हा आधी मोबाईल पूर्ण चार्ज करून मग जोडा.

दुसरी वाट वेगळ्या वायफाय डोंगलची. आतला रेडिओ हॉटस्पॉट सांभाळतो, डोंगल किनाऱ्यावरचं वायफाय पकडतो. मीडियाटेकच्या एमटी७६१०यू किंवा एमटी७६१२यू चिपचा डोंगल बघा. त्याचा ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीपासून असतो. ड्रायव्हर वेगळा बनवून घालावा लागणारा डोंगल पुढच्या अपडेटला आंधळा होतो. किनाऱ्याच्या जोडणीत 'डिव्हाइस' म्हणून डोंगलचा हार्डवेअर पत्ता निवडा, आतल्या रेडिओचा नाही.

एकाच रेडिओवर दोन्ही करायचा मोह टाळा. जमतं, पण दोघांना एकाच चॅनलवर बसावं लागतं, आणि किनाऱ्याचं वायफाय विरळ झालं की पाय ते शोधायच्या नादात हॉटस्पॉटलाही धक्के देतो.

तपासा: इंटरनेट चालू असताना मोबाईलची वायर खस्सकन ओढून काढा. ठिपका थांबता कामा नये.

## टप्पा ५: होडीची वीज

टेबलावर आठवडाभर बिनबोभाट चाललेला पाय होडीवर गेला की पहिला मार विजेचा खातो.

कन्व्हर्टर पायच्या शेजारी ठेवा, बॅटरीच्या शेजारी नाही. गणित करून दाखवतो. बॅटरी इंजिनाजवळ, केबिन पाच मीटर पुढे, वायर १ चौरस मिलिमीटरची. जाण्या-येण्याचे मिळून दहा मीटर तांबं, रोध साधारण ०.१७५ ओहम. पायसाठी ५ व्होल्ट ३ अँपिअर त्यातून पाठवलेत तर वाटेतच अर्धा व्होल्ट जातो, टोकाला साडेचार उरतात. पाय ४.६३ च्या खाली गेला की तक्रार करतो, म्हणजे हा आधीच आजारी. त्याच वायरमधून १२ व्होल्ट नेलेत तर प्रवाह दीड अँपिअरच्या आत, घट पाव व्होल्ट, आणि कन्व्हर्टरला तेवढ्यानं काहीच फरक पडत नाही.

फ्यूज मात्र बॅटरीच्या धन टोकाला लागूनच. तो वायर वाचवायला आहे, पायला नाही. वायर कथिल चढवलेल्या तांब्याची घ्या. साधं तांबं खाऱ्या हवेत एका मोसमात आतून हिरवं पडतं.

कन्व्हर्टर रुंद पट्ट्याचा घ्या, ८ ते ३६ व्होल्टवर चालणारा. इंजिनाचा स्टार्टर फिरतो तेव्हा १२ ची बॅटरी क्षणभर ९-१० पर्यंत बसते आणि चार्जिंग चालू झालं की १४ च्या वर चढते. "इंजिन मारलं की वायफाय जातं आणि मिनिटानं परत येतं" ही तक्रार आली तर वायफायच्या सेटिंगला हातही लावू नका. पाय रीस्टार्ट होतोय. चांगल्या कन्व्हर्टरनंही थांबलं नाही तर पायला वेगळी छोटी बॅटरी द्या.

सावध: जोडण्याआधी कन्व्हर्टरच्या टोकाला मल्टिमीटर लावा. ५.१ च्या आसपास हवं. फिरवायचा स्क्रू असलेले स्वस्त कन्व्हर्टर डब्यातून भलत्याच आकड्यावर बाहेर येतात, आणि पायला ५ च्या जागी ९ मिळाले तर पुढचं वाचायची गरज उरत नाही.

## टप्पा ६: डबा आणि त्याची जागा

डबा प्लास्टिकचाच हवा. पत्र्याच्या डब्यात पाय सुरक्षित राहतो आणि त्याचं वायफायही आतच राहतं.

केबिनमध्ये छताजवळ, इंजिनापासून लांब. पाणी २.४ गिगाहर्ट्झ शोषून घेतं, आणि होडीवर पाणी फक्त बाहेर नसतं. मासळी आणि वितळलेल्या बर्फानं भरलेला खण म्हणजे रेडिओच्या दृष्टीनं भिंतच. ओली जाळी, तीच गत. रिकाम्या होडीत नाळेपर्यंत, म्हणजे पुढच्या टोकापर्यंत, पोचणारा सिग्नल मासळी भरून परतताना मधेच अडतो तो याचमुळे. डबा उंचावर असेल तर रेडिओच्या लाटा या सगळ्याच्या वरून जातात.

सगळी भोकं डब्याच्या तळाला पाडा, वरती एकही नको. आत येणाऱ्या प्रत्येक वायरला डब्याआधी खाली झोळ द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळीच्या तळाशी ठिबकतं, ग्लँडमध्ये शिरत नाही. आत सिलिका जेलची पुडी. पाय ८० अंशांच्या पुढे गेला की स्वतःचा वेग कमी करतो, आणि मे महिन्यात बंद केबिनच्या छताखाली ते फार लांब नसतं. पायवर ॲल्युमिनियमचा हीटसिंक बसवा, दुपारचं ऊन थेट डब्यावर येणार नाही असं बघा.

## टप्पा ७: धक्क्यावरची चाचणी आणि कार्डाला कुलूप

ओहोटीला होडी चिखलात बसलेली असताना चाचणी करू नका. इंजिन चालवता येत नाही आणि इंजिनाशिवायची चाचणी अर्धवट. भरती धरून जा.

क्रम असा. बॅटरीचा स्विच चालू, दीड मिनिट थांबा, मोबाईलला हात न लावता तो जोडला जातोय का बघा. इंजिन सुरू करा. ठिपका टिकला पाहिजे. मोबाईल घेऊन नाळेपासून मागच्या टोकापर्यंत चाला, प्रत्येक ठिकाणी दहा सेकंद. मग इंजिन चालू असतानाच पायची वीज तोडा आणि पुन्हा द्या. हे पाच वेळा.

वीज अशी तोडणं कार्डाच्या मुळावर येतं हे खरं, पण होडीवर रोज तेच होणार आहे. संध्याकाळी मासळी उतरवायच्या घाईत खलाशी मुख्य स्विच खाली ओढतो, तो काही 'शटडाऊन' दाबत बसणार नाही. म्हणून पाचही वेळा पाय उठला, की कार्डाला कुलूप लावायचं. टर्मिनलमधून पायचा कॉन्फिगरेशन मेनू उघडा, 'परफॉर्मन्स ऑप्शन्स'मध्ये 'ओव्हरले फाइल सिस्टिम' चालू करा आणि रीस्टार्ट करा. आता पाय कार्डावर काहीच लिहीत नाही, सगळं तात्पुरत्या मेमरीत. वीज कधीही गेली तरी कार्ड जसंच्या तसं.

कुलूप लावण्याआधी दोन कामं संपवा. एक, घड्याळ. पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. इंटरनेट नसेल तर तो शेवटची साठवलेली वेळ धरून बसतो, आणि कुलपानंतर तीही साठवली जात नाही. मग रोज सकाळी तो त्याच एका तारखेला उठतो. सिग्नल केमध्ये 'सेट सिस्टिम टाइम' नावाचं प्लगइन आहे. ते जीपीएसवरून वेळ लावतं. दोन, व्हीएनसी (पायचा स्क्रीन दुसऱ्या कॉम्प्युटरवर दाखवणारी सोय) चालू करून घ्या, म्हणजे पुढे डबा न उघडता लॅपटॉपवरून १०.४२.०.१ ला जोडून आत जाता येईल.

सावध: कुलूप लागल्यावर केलेला कुठलाही बदल रीस्टार्टला उडतो. पासवर्ड बदलला, मोबाईल जोडला, संध्याकाळी सगळं ठीक; सकाळी जुनाच पासवर्ड. आधी कुलूप काढा, रीस्टार्ट करा, बदल करा, तपासा, मग पुन्हा कुलूप. गेलेल्या वाटेची नोंदही यामुळे पायवर राहत नाही. ती मोबाईलमध्ये ठेवा.

## बिघडलं तर कुठून बघायचं

यादीत होडीचं नावच नाही: आधी वीज. डब्यातला लाल दिवा लागलाय का? लागलाय तर हिरवा लुकलुकतोय का? लाल आहे, हिरवा मेलेला आहे, तर कार्ड वाचलं जात नाही. दोन्ही ठीक, तर टप्पा २ मधली आपोआप जोडायची खूण.

नाव दिसतं, जोडताना पासवर्ड चुकीचा म्हणतो: मोबाईलमधून ते नेटवर्क विसरा आणि पुन्हा टाका. नाही जमलं तर हॉटस्पॉटची सुरक्षा डब्ल्यूपीए३ वर गेली नाही ना ते बघा.

जोडलंय, पान उघडत नाही: मोबाईल डेटा बंद करून बघा. दहातल्या निम्म्या वेळा इथेच सुटतं.

पान उघडतं, ठिपका नाही: हे वायफायचं दुखणं नाहीच. जीपीएस कांडीला आकाश दिसतंय का आणि सिग्नल केमध्ये तिची जोडणी हिरवी आहे का, ते बघा.

आणि राखीव कार्ड. कुलूप लावून सगळं तपासून झालं, की कार्ड काढून लॅपटॉपवर त्याची पूर्ण नक्कल राखीव कार्डावर घ्या. ते पायमध्ये घालून एकदा चालवून बघा, न चालवलेली नक्कल धरायचीच नाही. मग छोट्या झिपच्या पिशवीत घालून डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा. पिशवीवर मार्करनं होडीचं नाव, पासवर्ड आणि तारीख लिहा.

माझ्या पहिल्या पिशवीवर मी पेनानं लिहिलं होतं. आठवड्यात निळा डाग उरला.